माळ बेंबीपर्यंत आली होती

रोह्याहून परतल्यापासून सांगलीत भेटेल तो एकच विचारतो, "काय सिस्टर, कोकण कसं वाटलं?" नारळ, सुपारी, खाडी, झालंच तर मासे, असं काहीतरी ऐकायची त्याची तयारी असते. मी "छान" म्हणते आणि चालू लागते. पण घरात येऊन बसले की डोकं तापतं, म्हणून हे लिहून काढते आहे. ज्यांना हिरवंगार कोकण हवं असेल त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. त्याचा मला राग नाही. तेवढ्या एकाच गोष्टीचा नाही.

मी सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. निवृत्त झाल्यावर वॉर्डातल्या आठवणींचं एक छोटं पुस्तक लिहिलं. तेवढ्यावर मी साहित्यिक झाले असं रोह्यातल्या एका वाचनालयाला वाटलं आणि त्यांनी परिसंवादाला बोलावलं. विषय होता ‘दुःख, आजार आणि मृत्यू : जीवनात आणि साहित्यात’. वाटेत पेणला माझी नणंद राहते, म्हणून एक दिवस आधीच निघाले.

पेण, शनिवार

मालतीवन्संच्या ओटीवर सकाळीच चार बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे पापड म्हणजे उन्हाळ्यातलं घरचं काम, शेजारणींनी हसतखेळत उरकायचं. पेणला पापड हा बारमाही धंदा आहे. चहा होईपर्यंत मी पोह्याच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून कच्च्याच खाल्ल्या.

"वहिनी, पोट बिघडेल," वन्सं म्हणाल्या.

"जन्मभर दुसऱ्यांची पोटं सांभाळली, आता माझं बिघडू दे की."

लाटणाऱ्यांत एक हिराबाई होती. जिते स्टेशनाच्या पलीकडे खाडीला लागून तिचं गाव, घरची माणसं मिठागरावर राबणारी. पॅसेंजरने रोज पेणला यायची. हाताइतकीच जीभही चालणारी बाई. मी सिस्टर होते हे कळल्यावर म्हणाली, "माझ्या सुनंला कावीळ झालीय गो बाय. पन आता उतराय लागलीय. माळ डोक्यावर घातली व्हती, ती बेंबीपरयंत आली."

ज्यांनी ही माळ पाहिली नसेल त्यांना सांगते. कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत बांधायचे आणि ते कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. दिवसागणिक ते वाढतं, गळ्यात उतरतं, छातीवर येतं. माळ खाली उतरते तशी कावीळ उतरते म्हणतात. खरं तर काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. आणि साधी कावीळ आराम केला की आपली आपणच बरी होते, म्हणून माळेचं नाव होतं. हसायला आम्ही सांगलीचे कोण मोठे शहाणे? आमच्याकडे कावीळ झाली की दंडावर तापलेल्या सळईचा डाग देतात. त्यापेक्षा माळ परवडली. निदान चटका तरी बसत नाही.

मला ती माळ जवळून बघायची होती. हिराबाई टाळायला लागली. घर लांब आहे, चिखल आहे, तुम्हाला झेपायचं नाही. मला कोणी टाळलं की मी जास्तच चिकटते. दुपारच्या पॅसेंजरने तिच्याबरोबर जित्याला उतरले आणि तिथून पुढे मिठागराच्या बांधावरून चालत निघालो. एका बाजूला पांढऱ्या मिठाच्या राशी, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल. त्या चिखलाने माझी एक चप्पल गिळली ती दिलीच नाही. हिराबाई पोट धरून हसली. मीही हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

गावाच्या तोंडाशी कारखान्यांकडे जाणारी पाण्याची जाडजूड पाइपलाइन आहे. तिच्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपतं आणि खालच्या खड्ड्यात साचतं. बायका वाटीवाटीने तेच हंड्यात भरत होत्या. पलीकडच्या काठाला म्हैस बसली होती.

"प्यायला हेच?" मी विचारलं.

"मंग काय खाडीचं पिऊ?" हिराबाई म्हणाली. "विहीर खारी हाय. नळ येनार येनार म्हनतात, माझं लगीन झालं तवापासून."

घरात सून निजली होती. सुगंधा नाव. भर दुपारी गाढ झोप. हाक मारली तेव्हा उठून बसली आणि पदर सरकला. डोळे हळदीने सारवल्यासारखे, गळ्यात बेंबीपर्यंत लोंबणारी माळ, आणि त्या माळेखाली आठ महिन्यांचं पोट.

मी हिराबाईकडे वळून बघितलं. ती चुलीकडे बघत होती.

गरोदरपणातली कावीळ मी वॉर्डात पाहिली आहे. ती साधी कावीळ नसते. आठवड्यापूर्वी हसतबोलत आलेली बाई हा हा म्हणता जाते. मी सुगंधाला विचारलं, आज वार कोणता? ती नुसती हसली. जेवलीस का? "भाऊ आला का माझा?" तिने मलाच विचारलं. दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, तर मनगटापासून हात फडफडायला लागले. विष डोक्यात चढायला लागलं की असे फडफडतात. मला आणखी काही तपासायचं नव्हतं.

"हिला आत्ता, याच घटकेला दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं.

"डॉक्टरला दावली की पेनच्या. तो म्हनला, काविळीवर औषध नसतं, आराम करा, उसाचा रस द्या."

"पोट बघितलं होतं का त्याने?"

"बघितलं. म्हनला, काय वाटलं तर मोठ्या दवाखान्यात जा. मंग काय वाटलं नाय आमाला."

"आणि माळ देणाऱ्या बुवाने?"

ती चुलीतलं लाकूड सारायला लागली. मी हटले नाही, तेव्हा हळूहळू निघालं. माळ आणायला रोग्याने जावं लागत नाही. डोक्याच्या मापाचा दोरा न्यायचा, नाव सांगायचं, बुवा तेवढी माळ बांधून देतो. पैसे घेत नाही. फक्त पोटुशी बाईला तो माळ देत नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. म्हणून हिराबाईने दोरा नेला, नाव सांगितलं आणि पोटाचं सांगितलंच नाही.

"अगं, तू फसवलंस कोणाला?" मी ओरडले. "बुवाला की हिला?"

हिराबाईही उसळली. "मंग करू काय? डॉक्टर म्हनतो औषध नाय, बुवा म्हनतो माळ नाय. हिला तशीच पिवळी होऊ द्यायची? कायतरी घालाया नको तिच्या गळ्यात?"

माझ्याकडे राग होता आणि मी तो सगळा ओतला. काही उपयोग झाला नाही. माळ अंगावर असेपर्यंत सुई टोचायची नाही, वेस ओलांडायची नाही, माळ आपोआप गळून पडली पाहिजे आणि मध्येच काढायची तर ज्याने बांधली त्यानेच काढायची. नाहीतर कावीळ उलटते. हिराबाई दारात आडवी उभी राहिली. "तिचा नवरा येऊ दे. तो सांगल तर नेऊ."

नवरा काशिनाथ रोह्याकडे एका कंपनीत होता, रोह्याला लागूनच नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहायचा. मी पेणला परतले आणि वन्संच्या जुन्या स्लिपर पायात घालून तशीच संध्याकाळच्या एसटीत बसले. परिसंवादाचं भाषण पिशवीत होतं, त्याची आठवणही राहिली नाही.

अष्टमी, त्याच संध्याकाळी

कुंडलिका नदीच्या पुलावरून पायी गेले. दुकानांच्या मागे एका चाळीत काशिनाथची खोली सापडली. तो नव्हता. सोबतच्या माणसाने सांगितलं, "त्याला डबल शिफ्ट लावलीय. उद्या दुपारपरयंत नाय सुटायचा."

एसटीडी बूथवरून कंपनीच्या गेटला फोन लावला. रखवालदार म्हणाला, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. खोलीवरच्या माणसाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. काशिनाथ कंत्राटदाराचा माणूस. कंपनीत राबतो, पण कंपनीच्या वहीत तो नाही. आणि कंत्राटदार गेला होता देवाला.

संयोजक मला शोधत पुलापर्यंत आले होते. पाहुण्यांसाठी त्यांनी शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वरून पेंढ्याचा जाळ. मी माझी हकीकत सांगितली तेव्हा सगळे हळहळले. "अरेरे," एक प्राध्यापक म्हणाले, "पण सिस्टर, तुम्हाला उद्याच्या भाषणासाठी केवढा जिवंत अनुभव मिळाला!" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते शेंगा आणायला उठून गेले. शेंगा मात्र अप्रतिम होत्या. इतक्या गोड शेंगा मी आमच्याकडे कधी खाल्ल्या नाहीत. मला भूक लागली होती आणि मी भरपूर खाल्ल्या, आणि भूक लागल्याचाही मला राग आला.

त्या मंडळींत एकाकडूनच कामाचं कळलं. काशिनाथची कंपनी आणि उद्याच्या कार्यक्रमाच्या कापडी फलकावरची कंपनी एकच होती. तिचे मोठे साहेब स्वागताध्यक्ष होते.

रोहा, रविवार

सभागृह भरलं होतं. अध्यक्ष पुण्याहून आलेले, आवाज मखमली. ते म्हणाले, वेदना माणसाला उंच करते. ते म्हणाले, मृत्यू ही एक संथ, समंजस संध्याकाळ आहे. लोकांनी माना डोलावल्या. स्वागताध्यक्ष साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

माझी पाळी आली. मी कागद बाहेर काढलेच नाहीत.

"वेदनेने माणूस उंच झालेला मी पाहिला नाही," मी म्हटलं. "मुटकुळं करून निजलेला पाहिलाय. पुस्तकातली माणसं मरताना चार शहाणपणाची वाक्यं बोलतात. माझ्या वॉर्डात माणसं पाणी मागत, भांडं मागत, आईला शिव्या देत आणि आईलाच हाका मारत. पुस्तकात बाई बाळंतपणात गेली की तिचं मूल मोठं होऊन कथा पुढे नेतं. वॉर्डात बहुतेक वेळा दोघंही एकाच चादरीत जायची. आम्ही लिहिणारे दुःखाचे घोट घेतो. उसाचा रस प्यावा तसे घेतो. आणि खरं दुःख इथून दोन तासांवर भर दुपारी झोपलंय, पिवळंधमक, आठ महिन्यांचं."

मग मी सगळं सांगितलं आणि स्वागताध्यक्षांकडे वळले. "साहेब, तुमचे डोळे आत्ता भरून आले होते. मला ते डोळे नकोत. मला काशिनाथ पाहिजे आणि तुमची जीप पाहिजे. आत्ता."

साहेब उठले. खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी फोन केला आणि परत येऊन म्हणाले, "तो गेटवर येतोय. जीप बाहेर आहे."

आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या! कडकडाट केला. एखादी चांगली ओळ दाद घेऊन जावी तसा. ज्या माणसाचं नाव कालपासून कोणत्याच वहीत सापडत नव्हतं, तो एका फोनने सापडला. एवढं सोपं होतं ते. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांवर छडी मारावीशी वाटली. अध्यक्ष हळूच म्हणाले, "फार प्रत्ययकारी बोललात." मी जीपमध्ये जाऊन बसले.

काशिनाथ पोरगेलासा होता. अंगावर कामाचे कपडे, हाताला रसायनाचा वास. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "नेऊ तिला. पन माळ बुवाच काढंल. मी नाय हात लावनार, आयेनं मला घरात घेतलं पायजे." मी वाद घातला नाही. वाटेतच बुवाचं गाव होतं.

बुवा म्हणजे भाताच्या खळ्यावर पेंढा रचत असलेला एक म्हातारा शेतकरी. गळ्यात साधी तुळशीची माळ. काशिनाथने खरं काय ते सांगितलं आणि म्हाताऱ्याच्या हातातला पेंढाच गळून पडला.

"पोटुशीला? माझी माळ? तुज्या आयेला सांगितलं नव्हतं मी? पोटुशीला मी माळ देत नाय, माजा बापबी देत नव्हता!"

"का देत नाही?" मी विचारलं.

"त्या वाचत नायत," तो म्हणाला. "मंग माळेला बोल लागतो."

म्हणजे याला ठाऊक होतं. याच्या बापालाही ठाऊक होतं. "मग जी बाई येते, तिला मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगता का कधी?"

"ते मी कसं सांगू? मी काय डॉक्टर हाय?"

डॉक्टरलाही ठाऊक होतं. त्याने काय वाटलं तर जा म्हटलं. बुवा माळ देत नाही म्हणाला. दोघांनी आपापले हात झटकले आणि मधल्या जागेत ती पोर राहिली. पाइपलाइनवाल्यांना खड्डा ठाऊक होता, वहीवाल्यांना काशिनाथ ठाऊक होता. अडाणीपणावर मी जन्मभर चिडत आले. या प्रवासात मला अडाणी असा कोणी भेटलाच नाही. सगळ्यांना सगळं कळत होतं.

म्हातारा मात्र मुकाट्याने जीपमध्ये बसला. घरी पोचलो तेव्हा सुगंधाला हाक ऐकू येत नव्हती. त्याने माळ तिच्या डोक्यावरून काढली, खाडीत सोडली आणि हात जोडून उभा राहिला. हिराबाई दारातून बाजूला झाली. बांधावरून सुगंधाला चादरीच्या झोळीत घालून गावातल्या माणसांनी जीपपर्यंत आणलं. कोणालाही बोलवावं लागलं नाही, सगळे आपण होऊन आले. हेही लिहिलं पाहिजे.

अलिबाग

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर पोरींनी जिवाचं रान केलं. मी त्यांच्यात लुडबुड केली नाही, माझं काम काय उरलंय ते मला कळत होतं. मूल पोटातच गेलेलं होतं. सोमवारी सुगंधाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि मंगळवारी उजाडता उजाडता ती गेली. ती एकही वाक्य बोलली नाही. काशिनाथ पायाशी बसून तिच्या पायाच्या अंगठ्याला धरून होता. मी त्याला उठवलं तेव्हा म्हणाला, "तिला गुदगुल्या व्हायच्या इथं."

शनिवारी आणली असती तर वाचली असती का? माहीत नाही. मी खोटं लिहिणार नाही. आठवडा आधी आणूनही गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पण तिला तेवढी संधी मिळायला हवी होती.

पुन्हा गावात

मातीला मी गेले. ते आटोपल्यावर बायकांनी हिराबाईला अंगणात बसवलं. मी जवळ जाऊन बसले. आमच्याकडे अशा वेळी बायका हंबरडे फोडतात. इथे सगळ्या गप्प होत्या, ते जास्त कठीण होतं. मग एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बेंबीपरयंत आलीच व्हती. दोन दिसांत पायांवर पडली असती. मधीच काढली न् कावीळ उलटली."

बायकांनी माना हलवल्या. मी हिराबाईकडे बघितलं. बुवापासून काय लपवलं होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी वाईट नाय केलंत, बाय. पन माळ काढाया नको व्हती."

म्हणजे माझ्या जीपने, माझ्या भाषणाने, माझ्या सगळ्या आरडाओरड्याने या गावात शेवटी एवढंच सिद्ध झालं. माळ खरी. आता पुढच्या बाईला वेशीबाहेर काढायला कोणाची छाती होणार नाही. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी उठले, तर हंडा त्या खड्ड्यातल्याच पाण्याचा. तशीच परत फिरले. बांधाला लागले.

मागून कोणीतरी धावत आलं. हिराबाईच्या शेजारची, नुकतं लग्न झालेली, लक्ष्मी नावाची पोर. तिने आधी मागे वळून कोणी बघतंय का पाहिलं. पदराखाली पोट जेमतेम दिसू लागलेलं.

"बाय," ती धापा टाकत म्हणाली, "उजेड हाय तवर माझे डोळे बघा गो."

आणि तिने स्वतःच बोटाने खालची पापणी ओढून धरली.

मी तिला उन्हाकडे वळवलं. डोळ्याच्या पांढऱ्यात हळदीची झाक होती. मग तिचं मनगट धरलं. तिच्या सासूला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, मागून हाका आल्या तरी वळले नाही. तिला घेऊन तशीच जित्याच्या स्टेशनाकडे चालायला लागले.